शेतीच्या गावात भाजी येते कुठून? यवतमाळ जिल्ह्यातील एका शाळेच्या पोषण आहाराचा प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्याच्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात, पहिली ते पाचवीपर्यंतची एक प्राथमिक शाळा आहे आणि तिच्या पटावर साठेक मुले आहेत. या शाळेच्या दुपारच्या खिचडीत वर्षानुवर्षे आलू, पत्ताकोबी आणि भेदरं (म्हणजे टमाटे) या तीनच भाज्या आलटून पालटून पडत असत. तिन्ही भाज्या तालुक्याच्या आठवडी बाजारातून येत आणि त्या बाजारात त्या बहुतेक वेळा ट्रकने उतरत. आलू उत्तर प्रदेश-मध्य प्रदेशाकडचा, तर कोबी पुष्कळदा छिंदवाड्याकडची. चारी बाजूंनी वावरांनी वेढलेल्या गावातील मुलांनी परराज्यातली कोबी खावी, यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. पुढे शाळा व्यवस्थापन समितीने भाजी शक्य तेवढी गावातूनच आणि ऋतूप्रमाणे घ्यायचे ठरवले. तो बदल कसा झाला, कुठे अडला आणि मुलांच्या ताटात त्याने नेमका काय फरक पडला, याची ही नोंद आहे. गावाचे आणि संबंधितांचे नाव मुद्दामच दिलेले नाही.

नियमातली पन्नास ग्रॅम भाजी

सप्टेंबर २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालणाऱ्या योजनेत प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल मिळावे आणि त्यातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने त्याच्या पोटात जावीत, असे मानक ठरलेले आहे. साठ मुलांचा हिशेब केला तर रोजची भाजी तीन किलो होते. १ मे २०२५ पासून प्राथमिकसाठी स्वयंपाकाच्या खर्चाचा दर प्रत्येक मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आहे आणि डाळ, तेल, मसाला, भाजी, इंधन हे सारे त्याच रकमेत बसवलेले आहे. त्यातला भाजीचा वाटा किती असेल, हे घर चालवणाऱ्या कोणालाही सांगायला नको. म्हणून आलू-कोबी निवडण्यात मुख्याध्यापकांचा आळस होता, असे म्हणता येत नाही. आलू आठवडाभर टिकतो, चिरायला सोपा असतो, एकाच फेरीत पोतेभर आणता येतो आणि मुख्य म्हणजे दुकानदार त्याची पावती देतो.

प्रश्न वेगळाच होता. जागतिक आरोग्य संघटना माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे खावीत असे सांगते, तेव्हा त्या चारशे ग्रॅममध्ये ती आलू, रताळे यांसारखी पिठूळ कंदमुळे धरत नाही. आलूत क जीवनसत्त्व असते, पोटही भरते; पण खिचडीतला तांदूळ तेच पिष्ट आधीच पुरवत असतो. म्हणजे ज्या दिवशी खिचडीत फक्त आलू पडला, त्या दिवशी वहीत पन्नास ग्रॅम भाजी मांडली गेली तरी भाजी म्हणून तिची किंमत फार थोडी होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. शाळेतली मुले या दोन गटांच्या मधल्या वयाची आहेत. ती याच घरांत, याच चुलीवरचे जेवून वाढतात, तेव्हा त्यांची स्थिती निराळी असेल असे मानायला काही आधार नाही. अशा मुलाला मिळणाऱ्या पन्नास ग्रॅमला महत्त्व आहे आणि ते पन्नास ग्रॅम कशाचे आहेत याला त्याहून जास्त.

वावरातली भाजी गेली कुठे?

समितीच्या ज्या बैठकीत हा विषय निघाला तिथे म्हाताऱ्या बायकांनी सांगितलेले कोणाला खोटे वाटले नाही. पूर्वी पराटीच्या (म्हणजे कापसाच्या) वावरात तुरीचे तास (ओळी) असे आणि तासांच्या आगेमागे अंबाडी, बरबटी (चवळी), भेंडी, मूग, तीळ, वाळकं असे काहीबाही पेरलेले असे. हे विकायला नसे. निंदायला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत भाजी घेऊनच घरी येई. ज्वारीचे वावर असले की त्यात माठ, कुंजर, केना, घोळ आपसूक उगवत आणि तण म्हणून उपटलेले तेच रात्री भाजी म्हणून शिजे.

हे सगळे एका वर्षात गेले नाही आणि एका कारणानेही गेले नाही. सोयाबीन पसरले तशी ज्वारी आटली, कारण सोयाबीनला नगदी भाव होता आणि ज्वारीवर पाखरांचा व रानडुकरांचा डोळा होता. २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत पांढऱ्या सोन्याचे सलग पीक घेण्याकडे कल आणखी वाढला. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राला अंबाडीचे एक तास मध्येच घालणे अडचणीचे वाटते. निंदणाला मजूर मिळेनासे झाले, मिळाले तर परवडेनासे झाले, आणि तणनाशकाचा पंप पाठीवर आला. तणनाशकाला भाजी आणि तण यांतला फरक कळत नाही. सांदवाडीत (घरामागच्या परसात) वांगी-मिरची लावावी तर माकडांचा त्रास, वावरात लावावी तर रोह्यांचा (नीलगायींचा). या परिस्थितीत बाजारातून पावशेर कोबी आणणे हाच सर्वांत शहाणपणाचा व्यवहार ठरला आणि ज्या घरात दहा एकर शेती आहे त्या घराची भाजीची पिशवीही बाजारावर अवलंबून राहू लागली.

शहरात बसून ‘स्थानिक खा’ असे सांगणाऱ्यांना ही बाजू सहसा दिसत नाही. खेड्यात राहणारा माणूस आपोआप स्थानिक अन्न खातो, हा समज विदर्भाच्या नगदी पिकांच्या पट्ट्यात तरी खरा नाही. येथे स्थानिक भाजी आधी पिकवावी लागते.

परत गेलेली पाटी

उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर मृगाच्या सरी पडून गेलेल्या असतात आणि पडीक जागेवर तरोटा, म्हणजे इतरत्र ज्याला टाकळा म्हणतात तो, वीतभर वर आलेला असतो. फुलावर येण्यापूर्वीचा त्याचा पाला कोवळा असतो, किंचित कडसर लागतो आणि कांदा व भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून परतला की मुलेही खातात. सुरुवात यानेच करावी असे ठरले, कारण याला पैसेच पडत नव्हते.

पहिल्याच दिवशी शेजारच्या वस्तीतली एक बाई पाटीभर तरोटा घेऊन आली. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी तिला दारातच विचारले, “कोन्या धुऱ्यावरचा हाय, ते सांग आधी.” धुरा म्हणजे वावराचा बांध. उत्तर ऐकून त्यांनी पाटी परत पाठवली. “त्या धुऱ्यावर परवाच औषध मारलं हाय माय. लेकरायले नाही देत मी.” माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता आणि तो समितीच्या बैठकीत झाला नाही, स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर झाला.

या सावधगिरीला कारण आहे. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. त्या वर्षाची आठवण गावात अजून ताजी आहे. तुडतुडे, फुलकिडे आणि गुलाबी बोंडअळीसाठी ऑगस्टपासून पराटीवर फवारे चालू असतात आणि त्यांचा शिडकावा तासांतल्या बरबटीवर व धुऱ्यावरच्या भाजीवर पडल्याशिवाय राहत नाही. गावात उगवलेले म्हणून ते निर्धोक, असे धरून चालणे येथे अंगाशी येऊ शकते. भाजी धुतल्याने पानावरची धूळ आणि काही अंश निघतो. पानात शिरलेले औषध धुऊन जात नाही.

म्हणून समितीने भाजी घेण्याच्या जागाच ठरवून टाकल्या. शाळेचे आवार, घरांच्या सांदवाड्या, नाल्याकाठचा फवारणी न होणारा पडीक तुकडा आणि विहीर असलेल्या दोन शेतकऱ्यांच्या भाजीच्या वाड्या, एवढ्याच ठिकाणची भाजी चालेल; पराटीच्या वावरातली किंवा त्याच्या धुऱ्यावरची भाजी फवारणीच्या महिन्यांत कितीही कोवळी असली तरी चालणार नाही. रानभाजी ओळखण्याचे काम जाणत्या दोन बायकांकडेच राहील, असेही ठरले. या नियमाने भाजीचे प्रमाण घटले हे खरे, पण एकाही घरातून त्याविरुद्ध तक्रार आली नाही.

पावतीची अडचण

यानंतरची अडचण कागदाची होती आणि तिने जवळजवळ दोन महिने खाल्ले. सांदवाडीतल्या दोडक्याची पावती कोणी द्यायची? आजीबाई अंगठा देतील, पण तपासणीला आलेला माणूस तो मानेल का, याची मुख्याध्यापकांना धास्ती होती आणि ती अवाजवी नव्हती. शिवाय खर्चाची रक्कम उशिराने जमा होते. दुकानदार महिनाभर थांबू शकतो, दोडके विकणारी बाई थांबू शकत नाही. शेवटी गावातल्या महिला बचत गटाने मध्ये पडून हे सोडवले. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात नोंदणी झालेल्या या गटाच्या नावाने बँक खाते होते, पावतीपुस्तक छापून घेता आले, आणि गट आपल्या जवळच्या पैशातून बाईला हातोहात पैसे देऊन शाळेकडून महिन्याने वसूल करू लागला. दर आठवडी बाजारातल्या त्याच आठवड्याच्या ठोक भावाने धरायचा, वर नाही आणि खाली नाही. ऋतूतल्या ताज्या भाजीचे गुण सांगणारी पुष्कळ भाषणे ऐकली. त्यात या पावतीपुस्तकाचा उल्लेख कधी ऐकला नाही, पण त्याच्याशिवाय एक जुडीही शाळेत पोचली नसती.

पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत

पोळ्याच्या सुमारास दोडके, भेंडी, काकडी आणि सांदवाडीतली बरबटी मिळू लागली. काटवलं (म्हणजे करटोली) मात्र शाळेने घेतली नाहीत. रानातली काटवलं गोळा करणाऱ्या बाईला बाजारात त्यांचा चांगला भाव मिळतो. ती शाळेला स्वस्तात द्यावीत असे तिला सांगणे म्हणजे गरिबाच्याच खिशात हात घालणे झाले असते. भाद्रपदानंतर अंबाडी आली. तिचा पाला आंबट असल्यामुळे तुरीच्या वरणात घातला की वरून चिंच लागत नाही आणि मुलांनी जी भाजी पहिल्यांदा मागून घेतली ती हीच.

दिवाळीनंतरचा काळ मात्र वेगळाच होता. ज्याला विदर्भातला ऋतू ताटात पाहायचा असेल त्याने तो मार्गशीर्ष-पौषात पाहावा. हरभरा पेरून महिना-सव्वा महिना झाला की त्याचे शेंडे खुडतात; खुडल्याने झाडाला फांद्या जास्त फुटतात आणि घाटेही जास्त लागतात, म्हणजे ही भाजी पिकाचे नुकसान न करता मिळते. फवारणी न झालेल्या वावरातले शेंडे शेतकऱ्यांनी स्वतःहून आणून दिले, कारण खुडायचे ते होतेच. त्याच दिवसांत मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), मुळा यांच्या जुड्या वाडीतून इतक्या येत की भाव पडत आणि ज्या रकमेत जुलैत जेमतेम दोन किलो कोबी बसे, त्या रकमेत तीन किलोंहून जास्त पाला मिळू लागला. जानेवारीत तुरीच्या हिरव्या शेंगा आल्या आणि सोले (शेंगांतले ओले दाणे) घातलेली खिचडी झाली. एका दुपारी शाळेच्या ओसरीवर पाचवीच्या मुली शेंगा सोलायला बसल्या होत्या. मधल्या परातीत पडणाऱ्या दाण्यांपेक्षा तोंडात जाणारे दाणे अधिक दिसत होते आणि स्वयंपाकाच्या बाई तिकडे मुद्दाम पाठ करून कांदा चिरत होत्या. ओला सोला चवीला गोडसर असतो आणि त्यात भाजी व डाळ दोन्हींचे गुण असतात. खिचडीतल्या २० ग्रॅम डाळीवर तो वरकड मिळालेला ऐवज होता.

कोहळ्याची (म्हणजे इतरत्रच्या लाल भोपळ्याची) गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. जुलैत उकिरड्याशेजारी टोचलेल्या बियांचे वेल छपरांवर चढले आणि दिवाळीच्या पुढेमागे पिकलेली कोहळी उतरवली गेली. देठासह उतरवलेले पक्के कोहळे हवेशीर जागी ठेवले तर कोणत्याही शीतगृहाशिवाय काही महिने टिकते. आतून जितके पिवळे-केशरी, तितके त्यात कॅरोटिन जास्त, आणि हे कॅरोटिन शरीरात शोषले जायला थोडे तेल लागते. खिचडीच्या फोडणीत ते असतेच. आलूची टिकाऊपणाची जी जमेची बाजू होती ती कोहळ्यालाही आहे, आणि ते पौष्टिकतेत आलूच्या कितीतरी पुढे आहे.

ताजेपणाने काय साधते

पालेभाजीतले क जीवनसत्त्व खुडल्यापासूनच घटू लागते. उन्हात, उष्ण जागी आणि पाने मलूल झाल्यावर ते फार झपाट्याने जाते. शिजवताना त्यातले आणखी जाते. म्हणून सकाळी खुडून दुपारी पानात पडलेली मेथी आणि बाजारात दोन-तीन दिवस पाणी मारून हिरवी ठेवलेली मेथी यांच्यात दिसते त्यापेक्षा जास्त अंतर असते. कोबीसारख्या घट्ट भाजीला प्रवास इतका बाधत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. कोबीवर राग धरण्याचे कारण नाही. पालेभाजी आणि डाळीतले लोह मांसातल्या लोहाइतके सहज अंगी लागत नाही, परंतु त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व गेले तर ते अधिक शोषले जाते. त्यामुळे खिचडी चुलीवरून उतरवल्यावर, वाढण्याच्या वेळी, लिंबू पिळायचे अशी सोपी सवय लावून घेतली गेली. सकाळी चहात टोस्ट बुडवून शाळेत येणारी आणि घरी गेल्यावर पुन्हा चहा पिणारी मुले त्या त्या वेळच्या खाण्यातले काही लोह वाया घालवतात, कारण खाण्याबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा लोहाच्या शोषणाला आड येतो. पण या चहावर समितीचा काही अंमल चालत नाही.

ऋतूप्रमाणे खाण्याचा सर्वांत मोठा फायदा मला विविधतेत दिसतो. एकाच भाजीत सगळे नसते. वर्षभरात तीनऐवजी वीसेक प्रकारची पाने, शेंगा, फळभाज्या पोटात गेल्या तर एकीची उणीव दुसरी भरून काढते. आणि ही विविधता कोणी तक्ता करून आणायची गरज पडत नाही, पाऊस, थंडी आणि ऊन ती आणून देतात. मात्र एका वेळच्या पन्नास ग्रॅम भाजीने मुलांचे रक्त वाढले असे कोणी सांगू लागले तर ते खोटे ठरेल. रक्ताच्या कमतरतेमागे जंत, वारंवारची आजारपणे, घरातले अपुरे जेवण अशी अनेक कारणे असतात. शाळेत जंतनाशक गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या दिल्या जातात त्या तशाच चालू राहिल्या पाहिजेत. भाजी त्यांची जागा घेत नाही.

मुलांचे म्हणायचे, तर सगळ्यांना सगळे रुचले नाही. तरोटा पहिल्या आठवड्यात पुष्कळ ताटांच्या कडेला निवडून ठेवलेला असे. चौथीतल्या एका मुलाने तर स्पष्टच विचारले, “हे तं घरी बी नाही खात आमी, शाळेत काहून?” त्याच्या प्रश्नात खोच होती. रानभाजी म्हणजे गरिबाचे खाणे, दुष्काळातले खाणे, हा डाग अजून पुसलेला नाही आणि मुलाने तो आईबापांकडूनच उचलला होता. पाने बारीक चिरून डाळीत घोटली की तक्रार कमी होई, हा स्वयंपाकाच्या बाईंचा अनुभव. गंमत अशी की हीच मुले शाळेच्या मागच्या झुडपांवरची बोरे, चिंचा आणि कवठे ऋतू चुकू न देता, कोणी न सांगता, फुकट खातात.

उन्हाळा

मार्चनंतर ही व्यवस्था लंगडी पडते आणि हे समितीने मान्य केले आहे. विहिरी खाली जातात, वाड्या वाळतात, शाळा सकाळच्या वेळेत भरू लागते. या दिवसांत शेवग्याच्या शेंगा मिळतात, हातपंपाच्या सांडपाण्यावर केलेल्या दोन वाफ्यांत चिवळ ही पालेभाजी येते आणि उरलेली कोहळी असतात. हरभऱ्याचे शेंडे हिवाळ्यात वाळवून ठेवण्याची रीत गावात होतीच. त्यातला काही पाला सावलीत वाळवून शाळेने डब्यात भरून ठेवला, कारण कडक उन्हात वाळवलेल्या पानातले कॅरोटिन जास्त जाते. एवढ्यावर आठवड्यातले तीन दिवस निभतात. उरलेल्या दिवशी बाजारातला आलू आणि कांदाच येतो आणि पिशवी आणायला जुनाच दुकानदार उपयोगी पडतो. भाव पाडून, उसनवारी करून किंवा कोणाच्या विहिरीवर ताण आणून हे तीन दिवस ओढून सहा करायचे नाहीत, असे समितीने यंदा ठरवले. आवाराच्या कुंपणाला शेवग्याच्या फांद्या खोचल्या आहेत. पाण्याची सोय हातपंपाच्या पलीकडे गेली तरच वाफे वाढवायचे, तोवर नाही.